धरणाची नाडी

यंदाच्या उन्हाळ्यात, पाऊस तोंडावर आला असताना, आमच्या धर्मग्रामातील एक तरुण आम्हांला भेटावयास आला. अभियांत्रिकीची पदविका घेऊन पुण्याकडील एका कारखान्यात चार वर्षे नोकरी केल्यावर तो गावी परतला आहे. त्याच्या हाती टंकलिखित कागदांचे एक बाड होते. गावोगावचे पाझर तलाव, कालव्यांचे भराव आणि नदीकाठचे बांध यांच्या पोटात संवेदक, म्हणजे ज्यांना आता सारे जग सेन्सर म्हणते ती यंत्रे, बसवावयाची. ती रात्रंदिवस पाण्याचा दाब आणि मातीची हालचाल मोजतील, काही बिघडू लागले की मोबाइलवर सूचना जाईल, आणि या राखणीबद्दल गावाकडून ठरावीक वार्षिक शुल्क घ्यावयाचे, असा तो व्यवसायाचा आराखडा होता. भांडवलासाठी त्याला पतसंस्थेचे कर्ज हवे होते. तारण म्हणून वडिलांची दोन एकर बागायत. पतसंस्थेच्या सल्लागार मंडळावर आम्ही असल्यामुळे तो आमचे मत विचारीत होता. वडील बाहेर व्हरांड्यात बसून होते, ते आत आले नाहीत.

यंत्रांतले आम्हांला फारसे कळत नाही. इतिहास मात्र आमचा जुना छंद आहे, आणि आमच्या जिल्ह्याच्या पाण्याची कागदपत्रे व आठवणी आम्ही बरीच वर्षे जमवीत आलो आहोत. तेव्हा कर्जाचे मत देण्यापूर्वी एक प्रश्न इतिहासाला विचारून पाहावा असे वाटले: पाणी अडविणारी भिंत खचण्यापूर्वी खूण देते का, आणि दिली तर ती कोणाला दिसते? हा लेख त्या शोधातून झाला आहे.

मंडळातील एका सभासदांनी आराखडा ऐकताच हसून विचारले, "नगर जिल्ह्यात पूर? आपल्याकडे तर टँकर येतात!" हा प्रश्न आधी निकालात काढला पाहिजे. २०२४ पासून जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, पाण्याचा स्वभाव मात्र आहे तोच आहे. पश्चिमेला अकोले तालुक्यात कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगडाच्या रांगा ढग अडवून धरतात. घाटघरला वर्षाकाठी काही हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, आणि तेथून शे-दीडशे किलोमीटरवर पाथर्डी-कर्जतचा शेतकरी पाचशे मिलिमीटरची वाट पाहत बसतो. रतनगडाच्या कुशीत उगम पावलेली प्रवरा अकोले, संगमनेर करीत नेवाशाच्या मुलखात येते आणि टोके-प्रवरासंगम येथे गोदावरीला मिळते. म्हणजे नेवासेकराच्या अंगणात कोरडे ऊन असताना त्याच्या नदीला पूर येतो. त्यातून या नद्यांवर आपण भिंती घातल्या. प्रवरेवर भंडारदरा, त्याखाली निळवंडे, मुळा नदीवर राहुरीजवळ बारागाव नांदूरचे धरण, आणि या सर्वांच्या खाली पैठणचे जायकवाडी, ज्याचा फुगवटा नेवासे-शेवगावच्या शिवारात पसरलेला आहे. टँकरवाला जिल्हा हा धरणवाला जिल्हाही आहे.

यांपैकी सर्वांत जुनी थोरली भिंत भंडारदऱ्याची. १९१० साली काम सुरू झाले आणि १९२६ साली मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन झाले, म्हणून कागदोपत्री ती विल्सन धरण. उंची सुमारे ८२ मीटर, दगड आणि चुन्याची बांधणी, पोटात अकरा टीएमसी पाणी. हे पाणी खाली संगमनेर तालुक्यात ओझरच्या बंधाऱ्यापाशी अडवून डाव्या-उजव्या कालव्यांत वळविले जाते. दुष्काळनिवारणाच्या विचारातून काढलेल्या या कालव्यांनी जिल्ह्याचे रूप पालटले. हरेगावचा बेलापूर कंपनीचा साखर कारखाना याच पाण्यावर उभा राहिला. मतमाउलीच्या यात्रेला जे वाचक हरेगावी येतात, त्यांनी त्या परिसरातील उसाचे मळे पाहिले असतील. स्वातंत्र्यानंतर लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांचा सहकारी कारखाना उभारला, १९५० साली त्याची चाके फिरू लागली, तीही याच कालव्यांच्या भरवशावर. आमच्या समाजातील कितीतरी कुटुंबे मजुरीसाठी पाटाच्या कडेकडेने सरकत गेली आणि तेथेच स्थिरावली. या भिंतीशी आमचे नाते केवळ भूगोलाचे नाही.

आता दगडी भिंतीविषयी थोडे सांगावे लागेल, कारण पुढचा सारा विषय त्यावर उभा आहे. धरण पाण्याला अडविते ते आपल्या वजनाच्या जोरावर. समोरून पाणी ढकलीत असते आणि भिंत आपल्या भाराने जागच्या जागी उभी राहते. परंतु पाणी केवळ समोरून ढकलीत नाही. ते पायाच्या फटींतून, दगडांच्या सांध्यांतून आत शिरते आणि भिंतीला खालून वर उचलू पाहते. हा वरच्या दिशेचा दाब जुन्या स्थापत्यकारांनी पुरेसा हिशेबात धरलेला नसे. फ्रान्समध्ये बूझे येथील धरण १८९५ साली फुटले, तेव्हा या दाबाचे गांभीर्य विद्वानांच्या नीट ध्यानी आले. तोवर अनेक भिंती उभ्या राहिल्या होत्या, आणि पुढेही काही काळ जुन्या सवयीने उभ्या राहतच होत्या.

भंडारदऱ्याने आपली खूण १९६९ साली दिली. त्रेचाळीस वर्षे निमूटपणे उभ्या असलेल्या भिंतीत भेगा आढळल्या आणि गळती वाढली. खाली अकोले आणि संगमनेर होते, आणि त्याच्याही खाली कालव्यांवर वसलेला सारा मुलूख. सुदैवाने खूण दिसली, ती ओळखली गेली, आणि ओळखणाऱ्यांचे ऐकलेही गेले. पुढील काळात पोलादी तारांचे ताण देऊन आणि खालच्या अंगाने भक्कम टेकू बांधून भिंत बळकट करण्यात आली. आज पर्यटक धरणासमोर उभे राहून छायाचित्रे घेतात, त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असेल की ही भिंत एकदा आजारी पडून उठलेली आहे. गंमत अशी की, टळलेल्या संकटाचा इतिहास कोणी लिहीत नाही. आमच्या तालुक्यातील वृद्धांना पानशेत आठवते, भंडारदऱ्याचे १९६९ साल आठवत नाही.

पानशेत आठवावे असेच आहे. आम्ही पुण्याच्या सेमिनरीत शिकत असताना शहराच्या जुन्या पेठांतील भिंतींवर त्या पुराच्या पातळीच्या खुणा पाहिल्या, आणि ज्यांनी तो दिवस पाहिला त्यांच्याकडून ऐकले. १२ जुलै १९६१. अंबी नदीवरील पानशेतचे मातीचे धरण अपुरे असतानाच त्या पावसाळ्यात त्यात पाणी साठू दिले गेले होते. पाणी सोडण्याच्या मोरीचे काम पुरे झालेले नव्हते. आतून पाणी धक्के देत वाहू लागले आणि मोरीवरचा भराव खचू लागला. हे कोणाला कळले नाही असे नाही. आदल्या दिवशी धरणावर जवान बोलाविले गेले, त्यांनी भर पावसात वाळूची पोती रचून खचणारा माथा वर उचलून धरला. म्हणजे खूण डोळ्यांनी दिसत होती, हातांना जाणवत होती. सकाळी धरण फुटले. ते पाणी खडकवासल्यावर आले आणि १८७९ पासून उभी असलेली ती दगडी भिंतही दुपारी गेली. मधले ते काही तास ज्यांच्यासाठी मोलाचे होते, त्या पेठांतील माणसांपर्यंत खात्रीची सूचना वेळेत पोहोचली नाही. जवानांनी पोती रचून मिळविलेली रात्र शहराच्या पदरात पडलीच नाही, असे एका वृद्ध शिक्षकांनी आम्हांला सांगितले होते, ते वाक्य आम्ही विसरलो नाही.

पुढे सहाच वर्षांनी, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. धरणाच्या अंगातच बसविलेल्या कंपमापकाने त्या धक्क्याची नोंद केली, आणि ती नोंद जगभरच्या भूकंपतज्ज्ञांनी अभ्यासली. भिंतीच्या उंच भागांना आडव्या भेगा गेल्या, धरण मात्र टिकले आणि पुढे तेही टेकू देऊन बळकट केले गेले. यंत्राने महाराष्ट्राच्या धरणांच्या इतिहासात आपली जागा घेतली ती अशी. पानशेत आणि कोयना या दोन धड्यांनंतर भिंतींची पद्धतशीर तपासणी करण्याची व्यवस्था रुजत गेली. नाशिकला धरण सुरक्षिततेसाठी स्वतंत्र संघटना आली, पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर प्रत्येक मोठ्या धरणाची पाहणी करून अहवाल देण्याचा प्रघात पडला. अलीकडे कृष्णा आणि भीमा खोऱ्यांत पाऊस व नदीची पातळी मोजणारी स्वयंचलित केंद्रे बसविण्यात आली, आपल्या जिल्ह्याचा श्रीगोंदे-कर्जतकडील भाग भीमेच्या खोऱ्यातच येतो.

तेव्हा यंत्र आले म्हणजे प्रश्न सुटला, असे आमच्या तरुण मित्राचे मत होते. त्याला आम्ही इटलीतील वायोंतची कथा सांगितली. आल्प्सच्या एका अरुंद दरीत २६२ मीटर उंचीचे काँक्रीटचे धरण बांधले गेले. जलाशयाच्या काठचा तोक नावाचा डोंगर खाली सरकत असल्याचे १९६० पासून ठाऊक होते. त्यावर मापनाच्या खुणा रोवलेल्या होत्या आणि डोंगर किती सरकला याची नोंद नियमाने होत होती. शेवटच्या दिवसांत तो दिवसाला सुमारे वीस सेंटिमीटर सरकत होता, आणि हा आकडा वहीत लिहिला जात होता. ९ ऑक्टोबर १९६३ च्या रात्री डोंगराचा प्रचंड भाग एकदम जलाशयात कोसळला, पाण्याची लाट धरणावरून उडी घेऊन खालच्या लोंगारोने गावावर गेली, आणि सुमारे २,००० माणसे काही मिनिटांत मृत्यू पावली. धरण मात्र जवळजवळ जसेच्या तसे उभे राहिले, आजही उभे आहे. मोजमापात उणीव नव्हती. त्या आकड्यावरून गाव उठविण्याचा निर्णय घेणारे कोणी नव्हते, किंवा होते त्यांनी तो वेळेत घेतला नाही.

हे ऐकून तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "फादर, म्हणजे मी यंत्र विकायचे नाही का?" त्याचे उत्तर आमच्याजवळ त्या दिवशी नव्हते.

मोठ्या धरणांवर निदान वही तरी असते. आमच्या तरुणाचा डोळा आहे तो लहान तलावांवर, आणि येथे त्याची दृष्टी आम्हांला खरोखर मर्मावर पडलेली वाटते. महाराष्ट्रात मोठी धरणे देशात सर्वांत अधिक आहेत, दोन हजारांवर. २०२१ साली संसदेने धरण सुरक्षा कायदा केला. पाहणी, देखरेख, मापनयंत्रे, संकटकाळचा आराखडा हे सारे त्याने धरणमालकांवर बंधनकारक केले. परंतु तो कायदा मुख्यतः पंधरा मीटरहून उंच धरणांना लागू होतो, दहा ते पंधरा मीटरमधील काही धरणांना अटींसह. आपल्या शिवारांतील बहुसंख्य पाझर तलाव आणि गावतलाव या उंचीखाली राहतात. त्यांची मालकी कुठे जिल्हा परिषदेकडे, कुठे मृद व जलसंधारण विभागाकडे. माणूस मात्र कायम नेमलेला सहसा कोणाकडेच नसतो.

हे तलाव आले कोठून? आमच्या जिल्ह्यातील कितीतरी तलाव १९७२ च्या दुष्काळाची अपत्ये आहेत. तेव्हा खडी फोडणे, रस्ते आणि तलावांचे भराव या कामांवर लाखो माणसे जगली. आमच्या मातोश्री त्यांतल्याच एक. गावापासून तीन मैलांवरच्या तलावाच्या भरावावर त्यांनी दोन उन्हाळे पाट्या वाहिल्या, आम्ही तेव्हा बाभळीला बांधलेल्या झोळीत असू. सुकडीची चव आम्हांला आठवत नाही, त्यांना शेवटपर्यंत आठवत होती. त्या कामाला घाई होती, कारण लोकांना रोज मजुरी मिळणे अधिक निकडीचे होते. कोठे माती पुरेशी दाबली गेली, कोठे नाही. आज त्या भरावांचे वय पन्नाशीच्या पुढे आहे. त्यांच्यावर वेड्या बाभळीची रानेच्या राने माजली आहेत, मुळे कुजून आत पोकळ्या होतात, घुशी आणि खेकडे आपापली बिळे करतात.

खेकड्यांवरून तिवरे आठवल्याशिवाय राहत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील चिपळूण तालुक्यात तिवरे येथील लहान धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले आणि खालच्या वाडीतील वीसहून अधिक माणसे गेली. त्यानंतर खेकड्यांनी भिंत पोखरल्याची चर्चा महाराष्ट्रभर झाली आणि तिच्यावर लोक हसलेही. बीळ हे मातीच्या बांधाचे खरे दुखणे आहे, त्यात हसण्यासारखे काही नाही. परंतु गळती होत असल्याचे गावकऱ्यांनी त्या रात्रीच्या आधीच कळविलेले होते, हे अधिक महत्त्वाचे. तिवऱ्यात संवेदक होते. ती तेथली माणसे होती.

मातीचा बांध आपले दुखणे कसे सांगतो, हे जुन्या पाटकऱ्यांना पुस्तकाविना ठाऊक असे. प्रत्येक भराव थोडाफार पाझरतोच. पाझर स्वच्छ असेल तर चिंता कमी. पाझराचे पाणी गढूळ झाले, म्हणजे ते आतली माती घेऊन बाहेर पडू लागले, की ओळखावे, आत बोगदा पडतो आहे. बोगदा पडू लागला की तो रुंदावण्यास दिवस लागत नाहीत, तास पुरतात. पाझर मोजण्याचे साधनही साधे आहे. नालीत त्रिकोणी खाच पाडलेला पत्रा उभा करावयाचा आणि खाचेतून वाहणाऱ्या पाण्याची उंची पट्टीवर वाचावयाची. या खाचेत एक गंमत आहे: उंची दुप्पट झाली की प्रवाह दुप्पट होत नाही, तो साडेपाच पटींहून अधिक होतो. म्हणून पट्टीवरचा बोटभर फरक ज्याला वाचता येतो, त्याला बांधाची नाडी सापडते. तरुणाच्या आराखड्यातील यंत्रे तत्त्वतः हेच करतात. भरावात पुरलेला दाबमापक आतल्या पाण्याचा दाब सांगतो, कललेपणा मोजणारे यंत्र माथ्याची हालचाल सांगते. बांधाच्या लांबीभर काचतंतूची तार पुरली तर जेथे पाणी झिरपते तेथील तापमान बदलते आणि गळतीची जागा कळते. फरक इतकाच की पाटकरी रात्री झोपतो आणि तार झोपत नाही.

या विद्येत हॉलंड आघाडीवर आहे, आणि ते स्वाभाविक आहे. १९५३ च्या फेब्रुवारीच्या पहिल्या दिवशी समुद्राने त्यांचे बांध फोडले आणि १,८३६ माणसे गेली. पुढे २००८ साली ग्रोनिंगेन प्रांतात त्यांनी एक विलक्षण प्रयोग केला. केवळ तोडण्यासाठी एक बांध बांधला, त्यात नाना तऱ्हेचे संवेदक पुरले आणि तो कोसळेपर्यंत त्यावर ताण दिला, जेणेकरून कोसळण्यापूर्वी कोणते यंत्र काय बोलते ते कळावे. परंतु आम्हांला त्यांच्या इतिहासातील एक लहान घटना अधिक जवळची वाटली. २००३ च्या ऑगस्टमध्ये विल्निस गावी एक बांध फुटला, तो पुराने नव्हे. त्या वर्षीच्या कोरड्या उन्हाळ्यात बांधाची सेंद्रिय माती वाळून हलकी झाली आणि कालव्याच्या पाण्याने तिला बाजूला सारले.

दुष्काळाने बांध फुटतो! हे वाचले तेव्हा आम्ही हातातील कागद खाली ठेवला. आमच्याकडील भरावांचा गाभा काळ्या मातीचा असतो, बाहेरून मुरूम. काळी माती ओली असताना पाणी धरण्यात तिच्यासारखी दुसरी नाही. पण ती वाळली म्हणजे कशी फाटते, हे वैशाखातील शेत पाहिलेल्या कोणालाही सांगावयास नको. तलाव दोन-तीन वर्षे रिता राहिला, गाभा सुकून आत भेगा पडल्या, आणि मग एका रात्रीत तो काठोकाठ भरला, तर ते पाणी प्रथम त्या भेगा शोधते. २०२५ च्या सप्टेंबरात शेवगाव, पाथर्डी, जामखेडकडे अतिवृष्टी झाली, तेव्हा हेच भय आमच्या मनात होते. मंडळातील सभासदांच्या हसण्याला आमचे उत्तर हे आहे: जेथे टँकर येतात तेथेच बांधांची अधिक राखण हवी.

तेव्हा गरज खरी आहे. व्यवसाय खरा आहे का? येथे आम्हांला अडचणी दिसतात, आणि त्या आम्ही तरुणापासून लपविल्या नाहीत. अकोल्याच्या दऱ्यांत मोबाइलला नेमका वादळात संपर्क नसतो. सौरपत्रा चोरीला जातो, घुशी तारा कुरतडतात, वीज पडली की यंत्र जळते. यंत्राने दोनदा खोटी हाक दिली की तिसऱ्या वेळी गाव उठत नाही, लांडगा आला रे आला ही गोष्ट आपण लहानपणीच ऐकलेली आहे. सर्वांत मोठी अडचण पैशाची. जे संकट आले नाही त्याचे मोल कोण देणार? हॉलंडमध्ये बांधांची राखण करणारी पाणीमंडळे तेराव्या शतकापासून आहेत, लोक त्यांना निवडून देतात आणि त्यांच्यासाठी वेगळा कर भरतात. आपल्याकडे सहकाराची परंपरा आहे, पाणीवापर संस्था आहेत, ऊसबिलातून टनामागे कपात करण्याची सवय आहे. त्यातून मार्ग निघू शकेल. परंतु तलावाखालचा बागायतदार शुल्क देईल. नाल्याच्या काठी ज्यांची खोपटी आहेत ते काय देणार? पाणी सर्वांत आधी त्यांच्याकडेच जाते. शुल्क देणाऱ्याचाच मोबाइल वाजणार असेल, तर तो व्यवसाय कायदेशीर ठरेल, आम्ही मात्र त्यासाठी शिफारस लिहिणार नाही, असे आम्ही त्याला स्पष्ट सांगितले.

या बाबतीत जिल्ह्यातच एक उदाहरण आहे. स्विस येशूसंघीय फादर हर्मन बाखर यांनी अहमदनगरला राहून पाणलोट विकासाचे जे काम उभे केले, त्यातून १९९३ साली वॉटर ही संस्था निघाली. फादर २०२१ साली निवर्तले. पाणी अडविण्याच्या कामाला गावाचे श्रमदान आणि गावाची समिती असल्याशिवाय हात लावावयाचा नाही, हा त्या कामाचा दंडक होता. संस्थेने पुढे संगमनेर-अकोल्याच्या गावांत स्वयंचलित हवामानकेंद्रे बसविली. त्यांतील आकड्यांवरून तयार झालेला सल्ला मोबाइलवर येई, आणि गावात सर्वांना दिसेल अशा ठिकाणी लावलाही जाई. ज्याच्याजवळ मोबाइल नाही तोही तो वाचू शके, किंवा वाचून घेऊ शके. तरुणाला आम्ही तिकडे पाठविले. तो दोन दिवस राहून आला.

आणि ज्या तलावावर आमच्या मातोश्रींनी पाट्या वाहिल्या, त्याच्याविषयीही लिहिले पाहिजे. दोन वर्षांपूर्वी त्या भरावाच्या पायथ्याशी ओल दिसू लागली. ग्रामस्थांसह आम्ही एका कार्यालयात अर्ज दिला, पोच मिळाली. पावसाळ्यानंतर कळले की तलाव दुसऱ्या कार्यालयाच्या अखत्यारीत येतो आणि अर्ज तिकडे पाठविण्यात आला आहे. तेथूनही पोच मिळाली. दोन्ही पोच आमच्या टेबलाच्या खणात आहेत. आमच्या हातून खूण दिसली आणि ती पुढे सरकली नाही, तेव्हा पानशेतविषयी बोलताना आम्ही आवाज थोडा खाली घेतो.

गेल्या पंधरवड्यात तरुण नवा आराखडा घेऊन आला. यंत्रांची माहिती आता नवव्या पानावर गेली आहे. पहिल्या पानावर त्याने चार गावांची नावे आणि प्रत्येक गावासमोर पाच माणसे लिहिली आहेत: सूचना आली की भरावावर कोण जाईल, नाल्याकाठच्या वस्तीत कोण जाईल, देवळाचा भोंगा आणि चर्चची घंटा कोण वाजवील, तहसीलला दूरध्वनी कोण करील, आणि यांपैकी कोणी गावी नसल्यास त्याच्या जागी कोण. शुल्क पाणीवापर संस्थेने द्यावे आणि सूचना साऱ्या गावाला जावी, असे त्याने सुचविले आहे. कर्जाची रक्कम निम्म्यावर आणली आहे, कारण पहिल्या वर्षी एकाच तलावावर काम करावयाचे ठरविले आहे. दोन एकरांपैकी एकच एकर तारण राहील. मंडळाची बैठक पुढील महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आहे. आमचे मत अनुकूल आहे, सभासदांचे काय होईल ते सांगता येत नाही.

तोवर त्याने आमच्या त्या तलावाच्या पायथ्याशी, ओलीच्या जागेखाली, खाच पाडलेला एक पत्रा उभा केला आहे. रोज सकाळी त्याचे वडील सायकलवरून तेथे जातात आणि पट्टीवरची उंची एका वहीत लिहितात. वहीत दुसरा रकाना पाण्याच्या रंगाचा आहे. काल उंची चार सेंटिमीटर होती, आणि पाणी स्वच्छ होते.